सातशे एकाहत्तर युनिट

१ जानेवारी

सकाळी सहाला मीटर वाचलं. माझं रोजचं पहिलं काम हेच. लोक उठल्यावर तोंड धुतात, मी दारामागच्या मीटरसमोर उभा राहतो. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या घरची मीटरं वाचून पोट भरतोय, तेव्हा आपल्याच घरचं न वाचणं बरं दिसत नाही. कालचे युनिट ४.४.

मग कपाटाचं दार उघडून आतल्या बाजूला पेन्सिलीनं आकडा लिहिला. अठ्ठेचाळीस हजार. दर एक जानेवारीला बायको असा आकडा लिहायची. एकाखाली एक सात आकडे आहेत, सगळे तिच्या अक्षरात, आणि त्यांच्यासमोर डिसेंबरात खरोखर किती जमले तो आकडा. एकदाही जुळलेला नाही. एका वर्षी गॅस महागला, एका वर्षी माझे दात, एका वर्षी फ्रीज. मागच्या वर्षीच्या आकड्यासमोर जागा मोकळीच आहे. ती नोव्हेंबरात गेली.

पैसे कशासाठी ते मात्र सात वर्षांत बदललेलं नाही. गॅलरी बंद करून मुलीला खोली करायची. काचवाल्यानं फुटामागे हजार सांगितलेत. गॅलरी बारा फूट लांब, चार फूट रुंद, आणि खाली फुटाफुटाच्या फरश्या आहेत. अठ्ठेचाळीस फरश्या, अठ्ठेचाळीस हजार. मुलगी दहा वर्षांची असताना हे ठरलं, आता ती सतरा पूर्ण. अजून बाहेरच्या खोलीत आजीशेजारी झोपते.

महिन्याला चार हजार बाजूला टाकायचे. बायकोच्या शिवणाचे पैसे बंद झालेत, पण दवाखान्याचे खर्चही बंद झालेत. जमायला हरकत नाही.

ही वही नवी. मागच्या वर्षीची रबर लावून कपाटात वरच्या फळीवर ठेवली.

९ जानेवारी

पाकिटं लावली. वीज, पाणी, गॅस, फोन, इमारतीची वर्गणी, मुलीचा क्लास, सासूबाईंची औषधं. पगार झाला की आधी पाकिटं भरायची, उरेल ते डब्यात. लोकांना वाटतं आम्हाला वीज फुकट मिळते. कसली! बिल वेळेवर भरलं नाही तर आमचेच लोक येऊन तोडून जातील, वर चहा पिऊन जातील.

पाकिटांवर माझा काही ताबा नाही. त्यातलं एक विजेचं सोडून. तेवढं मात्र माझ्या हातातलं आहे. रोजचे ४.४ युनिट अडीचवर आणायचे असं ठरवलं.

मुलीला बोललो. ती कुठलंही बटण बंद करत नाही. पंखा लावते, दिवा लावते आणि तशीच निघून जाते. लावायला हात उचलतो, बंद करायला काय होतं कोण जाणे. तिनं ऐकून घेतलं आणि आत गेली. आतला दिवा लावला. जेवायला बाहेर आली तेव्हा तो चालूच होता.

२ फेब्रुवारी

डब्यात पहिले चार हजार. खडूनं गॅलरीतल्या चार फरश्यांवर फुल्या मारल्या. एका हजाराला एक फुली. ही युक्ती माझी. जमलेलं डोळ्यांना दिसलं की हुरूप येतो म्हणतात.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, लंगडी खेळायची आहे का?"

सासूबाई म्हणजे बायकोची आई. मागच्या वर्षी लेकीच्या आजारपणात आल्या, त्या परत गेल्या नाहीत. मीही विषय काढला नाही आणि त्यांनीही नाही.

हुरूप अजून आलेला नाही. चारच फरश्या आहेत म्हणून असेल.

२० फेब्रुवारी

आज एकशे बारा घरं झाली. पाय दुखतायत.

मीटर वाचणाऱ्याला घर आत न जाता कळतं. रोजचे एक-दीड युनिट म्हणजे एकटा माणूस. आकडा एकदम चढला तर बाळ आलं असतं किंवा म्हातारं माणूस अंथरुणाला लागलेलं असतं. उतरला तर कुणीतरी घर सोडून गेलेलं असतं. मी विचारत नाही. वाचतो, लिहितो, पुढं जातो.

आज पाच घरांना 'घर बंद' शेरा मारावा लागला. नियम असा आहे, की बेल वाजवायची, अर्धा मिनिट थांबायचं, पुन्हा एकदा वाजवायची. नाहीच कुणी आलं तर 'घर बंद' लिहायचं. मग बिल मागच्या वर्षीच्या त्याच दोन महिन्यांच्या युनिटांवरून निघतं. पंधरा दिवसांत अर्ज केला तर दुरुस्त होतं. नाही केला तर भरलेले पैसे परत येत नाहीत, पुढचं बिल नव्या रीडिंगपासून धरतात. लोक मग मला रस्त्यात गाठून शिव्या घालतात. मी म्हणतो, घरी राहत जा.

आपापल्या भागातली मीटरं आम्हाला देत नाहीत. आमच्या इमारतीत लंबू येतो. बारा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातो.

१४ मार्च

दर बटणाखाली कागदाची पट्टी चिकटवली. 'बंद करा.' अकरा बटणं, अकरा पट्ट्या.

सासूबाईंनी विचारलं, "ही कुणासाठी? मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, आणि तुम्हाला तर पाठ आहे."

मुलीनं विचारलंही नाही. पण आज तिच्याकडे नीट पाहिलं. बाहेर पडताना बटणाकडे हात नेला, बोट ठेवलं आणि काढून घेतलं. मग चपला घालून गेली. दिवा चालू. हट्ट आईचाच उचललाय. मी उठून बंद केला.

युनिट ३.६. अकरा फरश्या झाल्या. यात मागच्या वर्षीच्या मशीनची परत आलेली अनामत धरली आहे.

१५ मार्च

कालची एक पट्टी फाडलेली सापडली. आतल्या खोलीतली, पलंगाच्या डोक्याशी जो प्लग आहे तिथली. दुसरी लावली.

१८ मार्च

तीही फाडली. त्या प्लगला आता काही जोडलेलं नसतं, त्यामुळे तिथं पट्टीची गरजही नाही. सोडून दिलं.

३ मे

पाण्याचं बिल वाढलं, वर्गणी वाढली, क्लासची पुस्तकं आली. डब्यात चार हजारांऐवजी बावीसशे. पंधरा फरश्या झाल्या होत्या, त्यात फक्त दोन वाढल्या.

फुल्या मारायला बसलो आणि बराच वेळ खडू हातात धरून बसून राहिलो. खोली होणार, मुलीला टेबल मिळणार, हे सगळं मनात म्हणून पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या घराचं रीडिंग ऐकावं तसं वाटलं. दुःख नाही, आळसही नाही. काहीच नाही. मग उठलो, हात धुतले.

पेपर बंद केला. दूध अर्धा लिटर कमी केलं. मी चहा बिनदुधाचा पितो आता, फरक कळत नाही.

११ जून

बेल काढून टाकली. बेलच्या पोटात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. कुणी वाजवो न वाजवो, तो दिवसरात्र थोडी थोडी वीज घेत बसतो. महिन्याला एखाद-दीड युनिट. आमच्याकडे येतं कोण? बायकोची शिवणाची गिऱ्हाइकं यायची, ती थांबली. ज्याला यायचं तो दार वाजवेल.

मुलगी म्हणाली, "बाबा, आजीला कानानं कमी ऐकू येतं."

म्हटलं, "तुझ्याकडे किल्ली आहे ना? माझ्याकडे आहे. मग?"

"मग काही नाही," म्हणाली.

२५ जुलै

२.७! आकडा पाहून दोनदा वाचलं. सहा महिन्यांत जवळजवळ अडीचवर आणलं. सव्वीस फरश्या.

कारण शोधलं. सासूबाई हल्ली रेडिओ लावत नाहीत. दिवसा दिवाही लावत नाहीत. आमचं घर मागच्या इमारतीच्या सावलीत आहे, दुपारीसुद्धा आत संध्याकाळ असते. मी घरी आलो तेव्हा खुर्चीत नुसत्या बसल्या होत्या. म्हटलं, "अहो, एवढंही नको. एक दिवा लावत जा."

म्हणाल्या, "राहू द्या. अंधाराची सवय करून घेते, पुढं उपयोगी पडेल."

आणि स्वतःच हसल्या. विनोदी स्वभाव आहे त्यांचा. रेडिओची आवडही गेली असावी, या वयात जाते.

१९ ऑगस्ट

२.२. एवढ्या कमीवर कधीच आलो नव्हतो.

मुलगी संध्याकाळी मावशीकडे अभ्यासाला जाते. दोन बस बदलून. जेवूनच येते, कधी तिथंच राहते. तिकडे टेबल आहे म्हणाली. मला बरंच वाटलं. एका महिन्यात एकतीस फरश्यांपर्यंत मजल गेली. खोली झाली की इथंही टेबल होईल.

मेहुणीचा फोन होता. "भावोजी, जानेवारीपासून तिला आमच्याकडेच राहू द्या ना, कॉलेजला जवळ पडेल." म्हटलं, जानेवारीत तिची खोली होतेय. मेहुणी म्हणाली, "तिनं मागितलीय का खोली?"

काय प्रश्न आहे! सात वर्षं कपाटावर लिहिलेलं आहे.

३० सप्टेंबर

लंबूनं डबा खाताना विचारलं, "घरी काय म्हणतायत?"

म्हटलं, "दोन पॉइंट दोन."

त्यानं चमचा डब्यात ठेवला. मग म्हणाला, "चारजणांचं घर दोन पॉइंट दोन?"

"तिघांचं," म्हटलं.

तो घाईनं "हो, हो, तिघांचं" म्हणाला आणि त्याच्या डब्यातली भाजी माझ्या डब्यात वाढली. मला नको होती, तरी खाल्ली.

छत्तीस फरश्या.

९ नोव्हेंबर

युनिट २.१. नेहमीसारखा कामावर गेलो. रजा घेऊन घरी बसून काय करणार होतो? चौऱ्याण्णव घरं केली. एका घरी चुकून तेच मीटर दोनदा वाचलं. ती बाई म्हणाली, "आत्ताच तर वाचून गेलात." खरंच गेलो होतो.

घरी आलो तेव्हा मुलगी आली होती. तिघं एकत्र जेवलो. घरातले सगळे दिवे चालू होते. आज मी बंद केले नाहीत, उद्यापासून पुन्हा लक्ष द्यायचं.

१७ नोव्हेंबर

विजेचं बिल आलं. सप्टेंबर-ऑक्टोबरचं. मी अकराशेच्या आसपास धरलं होतं. आलं सहा हजार एकशे अडुसष्ट.

युनिट ७७१. शेरा: घर बंद.

जिन्यातच उभं राहून वाचलं. मग पाकीट उलटून पत्ता पाहिला. पत्ता आमचाच.

लंबूला फोन केला. तो ओशाळला. "तीन तारखेला आलो होतो. बेल दाबली, आवाजच नाही. दार वाजवलं दोनदा. आत मिट्ट काळोख होता रे, फटीतून पाहिलं. मला वाटलं, सगळी मावशीकडे गेलीत. वर्ष व्हायला आलं होतं ना, म्हणून. शेरा मारताना माझ्याच जिवावर आलं होतं."

सासूबाईंना विचारलं. त्यांनी दार वाजलेलं ऐकलं होतं. "आपल्याकडे कोण येणार, म्हणून उठले नाही."

म्हणजे सासूबाई आत बसलेल्या होत्या आणि घर बंद होतं. बावीस वर्षांत मी हजारो दारांवर हा शेरा मारला असेल. त्यातल्या किती दारांआड कुणीतरी बसलेलं होतं, कुणास ठाऊक.

७७१ हा आकडा पाहिल्याबरोबर ओळखला होता. मागच्या वर्षीचा सप्टेंबर-ऑक्टोबर. तेव्हा घरात ऑक्सिजनचं मशीन होतं. पलंगाच्या डोक्याशी, चोवीस तास चालू.

१८ नोव्हेंबर

घाबरायचं कारण नाही. अर्ज केला की दुरुस्त होतं, आणि तो अर्ज माझ्याइतका कुणाला पाठ नसेल. बेचाळीस फरश्या झाल्या आहेत. यंदा आकडा जवळपास जुळणार. बिल मात्र तसंच भरलं तर पाच फरश्या गेल्या.

अर्जात मागच्या वर्षी वापर जास्त का होता याचं कारण लिहावं लागतं. मशीन कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, रोज किती तास. म्हणजे ती वही काढावी लागणार. संध्याकाळी काढू.

२० नोव्हेंबर

हे लिहायचं की नाही यावर दोन दिवस गेले. लिहितो.

परवा संध्याकाळी वही काढली. रबर चिकटला होता, ओढल्याबरोबर तुटला. टेबलावर अर्ज, शेजारी वही. मुलगी मावशीकडे जायला निघाली होती, ती थांबली. "ही का काढलीत?"

बिल दाखवलं, समजावून सांगितलं. ती शेजारी बसली आणि वहीतल्या आकड्यांवरून बोट खाली नेत गेली. हिशेबात ती माझ्यासारखी आहे. १२.९, १३.०, १२.८, १३.१. पानं उलटत एका जागी तिचं बोट थांबलं.

"पंधरा ऑक्टोबरपासून कमी झालंय. १२.१. १२.०. १२.१."

"हो," म्हटलं.

"तुम्हाला तेव्हा दिसलं होतं?"

नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "दिसलं होतं."

आणि मग बोलत गेलो. मशीन तासाला किती खातं ते मला माहीत होतं. रोज नऊ दशांश युनिट कमी, म्हणजे मशीन रोज अडीच तास बंद. भागाकार तिथल्या तिथे केला होता, समासात अजून आहे. त्याच्या आदल्या आठवड्यात बिल बघून मी बायकोला म्हणालो होतो, "हे मशीन आपल्याला विकून खाणार." हसत म्हणालो होतो, ती पण हसली होती. मग आकडा उतरला. तिला बरं वाटत असेल म्हणून थोडा वेळ बंद ठेवत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं आणि मग मला ते चालू ठेव म्हणावं लागलं असतं. बिल जरा कमी येईल असंही मनात आलं होतं. तेही मुलीला सांगितलं. एवढं सगळं मी कुणाशी कधी बोललो नव्हतो. आवाज आपला नसल्यासारखा येत होता.

मुलगी वहीकडेच बघत होती. म्हणाली, "आईनं नाही बंद केलं, बाबा. तिचा हात पोचत नव्हता त्या बटणापर्यंत."

मला आधी कळलंच नाही.

"मी करायचे. क्लासवरून आले की दोन वाजता. साडेचारला परत लावायचे, तुम्ही यायच्या आत. पहिल्या दिवशी मी नाही म्हटलं तर ती इतकी चिडली की तिला धापच लागली. म्हणून मग करत गेले. म्हणायची, बाबांना सांगू नकोस, त्यांना वाटू दे बिल आपोआप कमी झालं."

मग ती म्हणाली, "अडीच तासांनी काही फरक पडला असेल का? डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरांना कुणी विचारलंच नाही," मी म्हटलं. खरं तेच होतं.

खुर्चीतून सासूबाई बोलल्या. त्या तिथं आहेत हे आम्ही विसरलो होतो. "मी तर इथंच बसलेली असायचे. रोज बघायचे. मला वाटायचं, तुम्ही दोघा नवराबायकोंनी मिळून ठरवलंय. जावयाच्या घरात मी कशाला मध्ये बोलू?"

बाहेर अंधार पडला होता. आत तर कधीचाच होता. दिवा लावायचं आम्हा दोघांना सुचेना. शेवटी सासूबाई भिंतीला धरत उठल्या, चाचपत बटण शोधलं, पट्टी हाताला लागली तेव्हा "हे काय मेलं" म्हणाल्या आणि दिवा लावला. मुलगी रडत होती. किती वेळ रडत होती कळलं नाही, आवाज नव्हता. तिच्या डोक्यावर हात ठेवला. गेल्या वर्षात ठेवला नव्हता. मी तिला वर्षभर बटणावरून बोलत होतो. जानेवारीपासूनचं आज परत वाचलं. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, आणि मला एकदाही काही दिसलं नाही. लाज वाटते.

ती परवा मावशीकडे गेली नाही.

२१ नोव्हेंबर

अर्ज पूर्ण लिहून खिशात घातला आणि ऑफिसच्या पैसे भरायच्या खिडकीवर गेलो. खिडकीवरच्या बाई मला ओळखतात. बिल बघून म्हणाल्या, "अय्या, तुमच्याच घराला घर बंद! अर्ज आणलाय ना? द्या, साहेबांची सही आत्ता घेते. पाच हजार वाचतील तुमचे."

लंबू मागे उभा होता. तो म्हणाला, "चूक माझी आहे, मीही लिहून देतो."

मी खिशातून पैसे काढले. डब्यातले. सकाळी मोजून घेतले होते, म्हणजे ठरलं सकाळीच असणार. मला स्वतःला ते खिडकीवर कळलं.

"भरून घ्या," म्हटलं.

बाई म्हणाल्या, "अहो, पण हे जास्त लागलंय तुम्हाला."

"नाही," मी म्हटलं. "पंधरा युनिट कमीच आहेत."

त्यांना काय कळणार! त्यांनी लंबूकडे पाहिलं, लंबूनं मान हलवली. मग त्यांनी पैसे मोजून घेतले आणि शिक्का मारला. पावती घडी करून मागच्या वर्षीच्या वहीत, पंधरा ऑक्टोबरच्या पानात ठेवली.

बाहेर पायरीवर बसलो. लंबू शेजारी बसला. मला रडू आलं. रस्त्यानं माणसं जात होती. वर्षात पहिल्यांदाच आलं, बराच वेळ थांबलं नाही. लंबूनं आपला रुमाल दिला, त्याला भाजीचा वास होता.

२४ नोव्हेंबर

बेल परत बसवली. सासूबाईंनी पाच वेळा दाबून पाहिली. "ऐकू येतं," म्हणाल्या. सगळ्या पट्ट्या काढल्या. डिंकाचे डाग राहिलेत.

गॅलरीतल्या पाच फुल्या ओल्या फडक्यानं पुसल्या. मुलगी म्हणाली, "मला आधीच सांगायचं होतं बाबा, मला खोली नकोच होती." मग बसून फरश्या मोजायला लागली आणि म्हणाली, "पण झाली तर चालेल."

१२ डिसेंबर

काचवाला येऊन गेला. त्याला खरं तेच सांगितलं, अठ्ठेचाळीस जमत नाहीत. त्यानं टेप लावला आणि म्हणाला, "मग बारा फुटांची दहा फूट करू. चाळीस फरश्या आत, आठ बाहेर. बाहेर कपडे वाळत घाला." सात वर्षांत हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मुलीला विचारलं, चालेल का. ती आत जाऊन दहा फुटांत आडवी झाली, हात पसरले, म्हणाली, "पुरते."

मावशीकडे न्यायची बॅग पलंगाखाली आहे. भरलेली की रिकामी, पाहिलं नाही. विचारणार आहे.

३१ डिसेंबर

कपाटाच्या दारावर अठ्ठेचाळीस हजारांसमोर लिहिलं, एकेचाळीस हजार दोनशे. आठव्यांदा जुळलं नाही. त्याच्या वरची मागच्या वर्षीची मोकळी जागा तशीच ठेवली.

मुलगी सकाळी क्लासला गेली. जाताना दाराशी उभी राहिली, बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "जा, उशीर होईल."

ती गेल्यावर सासूबाईंनी रेडिओचा आवाज कमी करून विचारलं, "जावईबापू, हा दिवा घालवू का?"

"राहू द्या," म्हटलं.

चहात दूध घातलं होतं, कुणी ते माहीत नाही. पिऊन झाल्यावर आठवलं, आज मीटर वाचायचं राहिलं. तोवर नऊ वाजून गेले होते.